कुलपातलं पाणी

"माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता" असं म्हणून या अनुभवांच्या सदरात लिहायला सुरुवात करणाऱ्या बहुतेकांचा शेवटच्या परिच्छेदापर्यंत विश्वास बसलेला असतो. माझं तसं नाही. आधी नव्हता, आत्ता हे लिहितानाही नाही... तरीही जे पाहिलं ते पाहिलं.

जालन्यात कॉलेजात तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं. हौस म्हणून शाळाशाळांतून चमत्कारांची पोलही उघडी करायचो — जिभेवर जळता कापूर, लिंबातून 'रक्त', नारळातून धूर. शेवटी माझं एक ठरलेलं वाक्य असायचं: "चमत्कार दिसला की आधी त्यामागचा माणूस शोधा." टाळ्या पडायच्या. मलाही ते वाक्य आवडायचं.

हे कुणाच्या अंगावर काटा यावा म्हणून लिहीत नाहीये. भीती मला या सगळ्या प्रकारात फारशी वाटलीच नाही. लाज वाटली, आणि ती अजून जात नाही.

गाव भोकरदन तालुक्यातलं, धावड्याच्या अलीकडे. नाव देत नाही, कारण तिथल्या एका बाईंना मी आधीच पुरेसा त्रास दिलाय. बाईंचं नावही बदललंय. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. तिचे दोन वर्ग पडायला आलेले, म्हणून नवे बांधायचे होते. बेल्जियममधली एक संस्था तरुणांना 'परदेशात जा, शाळा बांधा' असं सांगून पाठवते. त्यांचं परदेश म्हणजे आपलं हे गाव. ही मंडळी स्वतःच्या खर्चाने विमानात बसतात, इथे येऊन महिनाभर विटा उचलतात आणि कृतज्ञ होऊन परत जातात. मी दुभाषा. मीसुद्धा स्वयंसेवक, बिनपगारी. 'भविष्य घडवणारे हात' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य पाठीवर छापलेला टी-शर्ट मलाही मिळाला होता, जरी माझी फक्त जीभच कामाला होती.

स्वागत दणक्यात झालं. सहावीच्या मुली आरतीची ताटं घेऊन सकाळपासून उन्हात. फेटे बांधायला माणूस भोकरदनहून आणलेला. फाटकावर एका पुढाऱ्यांचं बॅनर — त्यात पुढारी शाळेपेक्षा मोठे. पाहुण्यांची प्रमुख हॅना, पन्नाशीची, मनाने खरोखर चांगली बाई. फेटा डोळ्यांवर घसरत होता तरी तिने तो संध्याकाळपर्यंत काढला नाही.

बांधकामावर रफिक मिस्त्री होते. पाहुण्यांनी रचलेला थर ते ओळंबा लावून बघायचे, आणि पाहुणे जेवायला गेले की निम्मा उतरवून पुन्हा लावायचे.

"सर, एक विचारू का? हे लोक पैसे देऊन मजुरी करून राह्यले. आपल्याकडं पैसे घेऊन बी कोणी करीना. ह्यांच्या गावात काम न्हाई का?"

"त्यांना सेवा करायची आहे, मिस्त्री."

"मंग बिलकुल करू द्या. पण त्या लंब्या पोराला थापी देऊ नका. पानी द्या म्हणा भिंतीला."

तर पाणी. विटांचं नवं काम रोज भिजवावं लागतं, नाहीतर सिमेंट धरत नाही. फेब्रुवारी संपत आलेला, पाऊस आदल्या साली कमी झालेला, गावच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी. बांधकामासाठी संस्थेने टँकर लावला होता. शाळेच्या आवारात निळे प्लास्टिकचे दोन मोठे ड्रम, झाकणाला लोखंडी पट्टी. संध्याकाळी ते भरून ठेवायचे आणि सकाळ-संध्याकाळ पाहुण्यांनी मगांनी भिंतीला पाणी मारायचं. ज्या गावात बायका कळशीभर पाण्यासाठी शेत तुडवतात, तिथे भिंतीला पाणी मारायला बेल्जियमहून माणसं आली होती. यातला विनोद मला दिसत होता. मी तो जालन्याच्या मित्रांना फोनवर सांगतही होतो.

पहिल्या आठवड्यानंतर हॅना म्हणाली, ड्रम सकाळी रिकामे-रिकामे वाटतात. मी काठी घालून पाहिलं. संध्याकाळी काठोकाठ भरलेला ड्रम सकाळी हातभर खाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तळ तपासला, गळती नव्हती, खालची माती कोरडी ठणठणीत. म्हणजे उघड होतं. कुणीतरी नेत होतं.

माणूस शोधा — आणि मी शोधला. जो सगळ्यात जवळ होता तो.

सुमनबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. घर शाळेच्या कुंपणाला लागून. नवरा संभाजीनगरला वॉचमन, त्याचे पैसे कधी येत, कधी नाही. सकाळी मी त्यांच्या दारावरून आलो तेव्हा ओट्यावर दोन हंडे आणि कळशी भरलेली दिसली. नळाला तर पाच-सहा दिवसांत थेंब नव्हता. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

हेडसरांच्या खोलीत त्यांना बोलावलं. हॅना होती, हेडसर होते, दारात रफिक मिस्त्री टेकून उभे. बाई पदराला हात पुसत आल्या.

"सुमनबाई, ड्रममधलं पाणी कमी होतंय," मी म्हणालो.

"व्हय का? मंग टँकरवाल्याला विचारा. निम्मं तर रस्त्यानं सांडीत येतो त्यो."

"तो भरून गेल्यानंतर कमी होतंय. आणि तुमच्या ओट्यावर हंडे भरलेले आहेत."

"भावाच्या मळ्यातून आणलं. उजाडायच्या आत जाते. मागून गेलं की तिथं लाईन लागती."

"रोज?"

"मंग? तहान काय एक दिसाआड लागती का सर?"

रफिक मिस्त्री हसले. हेडसरही हसले. हसू माझ्यावर होतं, आणि तिथेच थांबायला हवं होतं. पण लोकांना हसवायची सवय मला होती, लोक मला हसतील याची नव्हती.

"तुमचे भाऊ इथे येऊन तसं सांगतील का?"

बाईंचा चेहरा बदलला. "माझ्या भावाला साक्षीला बोलावता? पान्यापायी?" त्यांनी टेबलावरच्या माझ्या पेल्याकडे बोट केलं. "सर, आल्यापासून तुमाला गिलास भरून पानी मीच आणून देते. चोरायचं असतं तर आधी त्येच्यातलं वाचवलं असतं."

हॅनाने विचारलं, काय म्हणतायत? मी इंग्रजीत सांगितलं: त्या नाकारतायत. एवढंच. तहानेचं वाक्य, भावाचं, पेल्याचं — सगळं मी भाषांतरात गाळलं.

हॅना म्हणाली, गरज असेल तर नेऊ द्या की, आपण टँकर वाढवू. मी तिला समजावलं की प्रश्न तत्त्वाचा आहे. हेडसर मान डोलावत म्हणाले, "सर एवढे अभ्यासू. उगं बोलतील का?" शाळा समितीची बैठक बसली. तिसऱ्या दिवसापासून खिचडीचं उलथणं दुसऱ्या बाईंच्या हातात. गावात पैसे खाल्लेल्या माणसाला लोक काही दिवसांनी राम-राम घालायला लागतात. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी चोरलं म्हटल्यावर तसं होत नाही. सुमनबाई रस्त्याने निघाल्या की शाळेतली पोरं कुंपणाच्या आतून "पानीचोर" ओरडायची. मी एका पोराला दटावलं. ते निरागसपणे म्हणालं, "सर, तुमीच तर पकडलं."

आता पुढचं.

सुमनबाई गेल्यावरही पाणी कमी होतच राहिलं.

मी बाजारातून दोन कुलपं आणली, ड्रमच्या पट्ट्यांना लावली, किल्ल्या माझ्या खिशात. सकाळी हातभर खाली. मग कबड्डीच्या मैदानासाठी शाळेत फक्की होती — रेघा आखायची पांढरी पूड — ती संध्याकाळी सगळे गेल्यावर दोन्ही ड्रमभोवती पसरली. उजाडताच जाऊन बघितलं तर फक्कीवर चिमणीचे पाय उमटले होते, बाकी काही नाही. कुलपं जशीच्या तशी. उघडलं, पाणी खाली. आणि त्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर आल्यामुळे आणखी एक गोष्ट दिसली, जी एरवी पाहुण्यांच्या पाणी मारण्यात झाकली जायची. भिंत आधीच भिजलेली होती. साधारण माझ्या छातीपर्यंत. त्याच्या वर कोरडी.

हॅनाने विचारलं, पाण्याचं मिटलं ना? मी म्हणालो, मिटलं.

त्या रविवारी पाहुणे अजिंठ्याची लेणी बघायला गेले. पाठ धरल्याचं सांगून मी मागे राहिलो. पाठ खरंच धरली होती, पण कारण ते नव्हतं. शाळा बंद, आवारात कुणी नाही. मी कडुलिंबाखाली खुर्ची टाकून पेपर उघडला. लख्ख दिवस, ऊन चांगलंच चढलेलं. समोर नवी भिंत, सकाळचं पाणी केव्हाच वाळून विटा पुन्हा लाल-पांढुरक्या झालेल्या.

खालच्या कोपऱ्यात एक डाग पडला. ताटाएवढा, गडद. मी पेपर खाली घेतला. त्याच्या शेजारी दुसरा. मगातून पाणी फेकल्यावर भिंतीवर जसा पंखा उमटतो आणि कडेला थेंब उडतात, अगदी तसा. मग थोडं थांबणं — वाकून पुन्हा मगभर पाणी घ्यायला लागेल एवढं. मग तिसरा. आवाज मात्र काहीच नव्हता. लांबून कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरचं गाणं नीट ऐकू येत होतं आणि दहा-बारा पावलांवर पाणी फेकलं जात होतं ते ऐकू येत नव्हतं. एक ओळ पूर्ण झाली की वरची. कामात हयगय नव्हती, सांध्यासांध्यात पाणी जात होतं. आमच्या पाहुण्यांपेक्षा नीट. छातीच्या उंचीला आल्यावर वर न जाता ते पुढे सरकलं.

मी उठून गेलो. भिंतीला हात लावला. पाणी गार होतं, आडातून नुकतं शेंदल्यासारखं. खिशातून किल्ली काढून ड्रम उघडला. आतलं पाणी खाली गेलेलं, आणि सकाळपासून उन्हात असल्यामुळे आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट. या दोन गोष्टींचा मेळ मला तेव्हा लागला नाही, आजही लागत नाही. ड्रममधलं पाणी भिंतीवर जात होतं म्हणावं तर ते गार कसं? जात नव्हतं म्हणावं तर कमी कसं?

"सर."

कुंपणापलीकडच्या पायवाटेवर सुमनबाई उभ्या होत्या. कमरेवर कळशी, मळ्याकडून दुसरी खेप घेऊन येत होत्या. त्या माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होत्या. आम्ही दोघं बघत असताना आणखी एक पंखा उमटला. थेंब ओघळून खालच्या विटेवर आला.

त्या घाबरलेल्या दिसल्या नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं काहीतरी आलं. "बघा," त्या म्हणाल्या. "मी तर हितं उभी हाय. कळशी बी माझ्याच कमरंला हाय. बघितलं न्हवं तुमी सर?"

माझ्या हातात किल्ली होती. हात ओला होता.

मी म्हणालो, "काय?"



मग मीच पुढे बोललो — कुणी विचारलेलं नसताना. "विटा ओल धरतात, बाई. पायातून वर चढते. त्याला शास्त्रीय कारण आहे."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या, कळशी सावरली आणि गेल्या.

असं का बोललो, त्याचं कारण सांगतो. उगाच शोधायला नको. "बाईंनी पाणी नेलं नाही" एवढं म्हणायला मला काहीच हरकत नव्हती. पण पुढचा प्रश्न आला असता, मग कोणी नेलं? आणि त्याला माझ्याकडे जे उत्तर होतं ते दिलं असतं तर जिल्ह्यातल्या निम्म्या शाळांत, जिथे मी नारळातून धूर काढून दाखवला होता, तिथे लोक हसले असते. एका बाजूला बाईंचं नाव आणि पोटापाण्याचं काम, दुसऱ्या बाजूला माझे प्रयोग. मी प्रयोग निवडले.

उद्घाटनाला पुढारी दुपार टळून गेल्यावर आले. फीत कापताना कात्री चालेना, तर कुणीतरी फीतच दाताने तोडून दिली. शाली वाटल्या. हेडसरांनी भाषणात "आमच्या सरांच्या चौकस नजरेमुळे सार्वजनिक पाण्याची नासाडी टळली" असं म्हणून मला शाल घातली. हॅनाने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की गावाने ही शाळा आपली मानली. मी दोन्हीकडून भाषांतर केलं, एक शब्द न गाळता. सुमनबाई आल्या नव्हत्या.

घरी आल्यावर डोळे तपासून घेतले, शुगर तपासून घेतली. दोन्ही माझ्या वयाला शोभेल अशी. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका मित्राला सगळं सांगितलं. तो म्हणाला ओल चढते. मी म्हटलं, फवारे? तो म्हणाला, उन्हात डोळे दिपतात. मी म्हटलं, कुलपातलं पाणी? तो म्हणाला, वाफ होऊन जातं. मी म्हटलं, एका रात्रीत हातभर? त्याने चहा मागवला.

शेवटी एकदा त्या गावी गेलो. आधी हेडसरांकडे. म्हटलं, सुमनबाईंवरचा आळ चुकीचा होता, तो मागे घ्या.

"कुठला आळ?" त्यांनी खरोखर आश्चर्याने विचारलं. "सर, आपण कागदोपत्री आळ घेतलाच न्हाई. वैयक्तिक कारणास्तव काम सोडलं, असा ठराव हाय. बाईंची बदनामी नको म्हणून. आता जे लिहिलंच न्हाई ते खोडायचं कसं?"

मग बाईंच्या दारात. त्या अंगणात वाळलेल्या मिरचीचे देठ खुडत बसल्या होत्या. आत या म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी पाहिलं होतं."

"मला म्हाईत हाय."

"माझी चूक झाली."

"तुमी मला काय सांगून राह्यले सर? मला तर ठावंच हाय मी न्हाई नेलं ते. बोलले चार मानसांत, आन् चूक झाली म्हनायला आले एकटे. चार मानसांत सांगा की."

गेलो. चौकातल्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी गाव बसतं. रफिक मिस्त्रीही होते. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं — कुलूप, फक्की, रविवार, गार पाणी, माझं "काय?" सुद्धा. आयुष्यात शेकडो भाषणं केली. या वेळी शेवटी म्हणायला ठरलेलं वाक्य नव्हतं.

कुणीही हसलं नाही. लोकांनी शांतपणे ऐकलं आणि विश्वास ठेवला. बिलकुल आढेवेढे न घेता. एक म्हातारे म्हणाले, त्या जागी पूर्वी आड होता. दुसऱ्यांनी सांगितलं, आड नव्हता, देवीचं ठाणं होतं. दोघांची जुंपली. "इतका शिकलेला मानूस सांगतो म्हनल्यावर खरंच असनार," तिसरा म्हणाला.

मी म्हटलं, "अहो, ते राहू द्या. सुमनबाईंनी पाणी नेलं नाही, हे सांगायला मी आलोय."

"ते बराबर हाय सर," टपरीवाला चहा गाळत म्हणाला. "पन थोडंफार तिनं बी नेलंच असंल की. उगं कुनाचं कुनी नाव घेतं का?"

"नाव मीच घेतलं होतं!"

"तेच म्हनतोय मी. तुमी उगं घेनार का?"

रफिक मिस्त्रींनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि बिडी पेटवली.

परवा पुन्हा जाऊन आलो. भिंतीला छातीच्या उंचीपर्यंत शेंदूर लागलाय. खाली नारळ, हार, उदबत्त्यांचा खच. मंगळवारी आजूबाजूच्या वाड्यांवरून बायका येतात आणि तांब्याने भिंतीवर पाणी घालतात, त्यामुळे ती आपोआप भिजते की नाही हे आता कुणालाच कळायची सोय उरली नाही. तिसरीचा वर्ग घंटेच्या आवाजात चालतो. हेडसर माझ्याकडे तक्रार करत होते, चप्पल काढून. लांबलांबचे लोक सांगतात: जालन्याच्या एका प्रोफेसरांना साक्षात्कार झाला. खिचडी दुसऱ्याच बाई शिजवतात.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणी 'शक्ती' म्हणालं तर मी आजही वाद घालीन; कुणी 'भास' म्हणालं तरी घालीन, कारण तो भास दोघांना झाला होता, आणि त्यातल्या एकीला तो होण्यात स्वतःचा फायदा होता तरी तिने तो कुणाला सांगितला नाही.

निघताना सुमनबाई समोरून आल्या, कळशी घेऊन. मंगळवार होता, भिंतीपुढे गर्दी होती. सगळ्या बायका हात जोडत होत्या, त्या सरळ चालत आल्या. मी बाजूला झालो. त्या थांबल्या, म्हणाल्या,

"सर, तुमच्या देवीला एकदा विचारा की, मी किती कळश्या नेल्या ते. तिचं तरी ऐकतील लोक."

आणि गेल्या. मागून कुणीतरी माझ्या पायाला हात लावला.